गिब्लीम, बारामतीकर आणि इंदापूरकर

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. पन्हाळ्याला 1729 मध्ये जन्मलेले मोरोपंत नाईकांकडे पुराणिक म्हणून राहिले, इथे त्यांनी आर्या रचल्या आणि 1794 मध्ये इथेच देह ठेवला. तरी त्यांचे आडनाव पराडकरच राहिले. बाबूजी नाईक मात्र कोकणातून आलेल्या जोशी घराण्यातले, आणि इतिहास त्यांना बारामतीकर म्हणून ओळखतो.

आडनावात गाव आले की माणूस पिढ्यान् पिढ्या तिथलाच, हा समज या एका वाड्यापाशीच गळून पडतो. खरे तर गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. नाव चिकटते ते वेशीबाहेर. बाबूजी नाईक साताऱ्याच्या आणि पुण्याच्या राजकारणात वावरणारे मोठे सावकार होते. त्यांचे भाऊ आबाजी नाईक हे पहिल्या बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे यजमान. बाजीराव वारल्यावर 1740 मध्ये रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचे नाव पुढे केले होते. अशा माणसाला दरबारात ओळखायचे तर तो कुठल्या गावाहून कारभार करतो, हेच सांगावे लागणार. उलट शेजारच्या फलटणचे नाईक निंबाळकर पाहा. राज्य फलटणला, पण आडनाव निंबळक गावावरून आलेले.

दुसरा समज जास्त खोलवर रुजलेला आहे: नावावरून माणसाचा धंदा किंवा जात कळते. याचे सर्वांत बोलके उदाहरण दूरच्या लेबनॉनमधले आहे.

बायबलमधील राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोन राजाच्या मंदिराचे काम चालू असल्याचे वर्णन आहे. शलमोनाचे कारागीर, सोरचा राजा हीराम याचे कारागीर आणि ‘गिब्लीम’ अशा तिघांनी दगड घडवले आणि लाकूड तयार केले, असे तिथे म्हटले आहे. 1611 च्या इंग्रजी भाषांतराने या गिब्लीमांना थेट पाथरवट करून टाकले. वाक्यात आजूबाजूला दगडकाम असल्याने हा अर्थ पटण्यासारखा होता, म्हणून तो पुढे दोनशे सत्तरहून अधिक वर्षे टिकला. फ्रीमेसन मंडळींनी तर कसबी गवंड्यासाठी हाच शब्द उचलला. 1885 च्या सुधारित इंग्रजी आवृत्तीत चूक दुरुस्त झाली. गिब्लीम म्हणजे गबाल शहराचे रहिवासी. शेवटचा ‘ईम’ हा हिब्रूतला अनेकवचनी प्रत्यय. यहोशवाच्या पुस्तकात गबालकरांच्या प्रदेशाचा वेगळा उल्लेख आहे. यहेज्केलाच्या पुस्तकात तर गबालचे वडीलधारे आणि जाणते लोक सोरच्या जहाजांच्या फटी बुजवताना दिसतात. धंद्यावरूनच नाव ठरायचे असते, तर त्यांना जहाज दुरुस्त करणारे म्हणावे लागले असते.

हे गबाल म्हणजे ग्रीकांचे बिब्लोस आणि आजचे जुबैल, बैरूतच्या उत्तरेला समुद्रकाठी वसलेले. लेबनॉनच्या डोंगरातले देवदार इथून इजिप्तला जात. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात इथला राजा रिब-हद्दा याने फेरोला मदतीसाठी लिहिलेली मातीच्या पाट्यांवरची पत्रे आजही वाचायला मिळतात. 1984 पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे. आपण या लोकांना फिनिशियन म्हणतो, पण ते नाव ग्रीकांनी दिलेले. स्वतःची ओळख सांगताना ते आपल्या शहराचे नाव सांगत: कोणी सोरचा, कोणी सीदोनचा, कोणी गबालचा. ही रीत आपल्याला परकी वाटू नये.

इंग्रजी भाषांतरकारांची फसगत मराठीतही होऊ शकते. विणकर, शेतकरी, वारकरी हे शब्द कामावरून झालेले, बारामतीकर गावावरून. तुकोबांची पालखी बारामती, बेलवाडी, इंदापूर अशी पुढे पंढरपूरला जाते. ती वाट चालणाऱ्या वारकऱ्याच्या नावात ‘वारी’ नावाचे गाव कोणी शोधणार नाही, कारण भाषा आपल्या अंगात आहे. परक्याला हा फरक शब्दाच्या रूपावरून कळणार नाही.

जातीबद्दल तर बोलायलाच नको. ‘कर’ लागले की अमुक जात, असे अजूनही छातीठोकपणे सांगितले जाते. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची आडनावे पाहावीत: किहीमवरून केहीमकर, पेणवरून पेणकर, राजपुरीवरून राजपूरकर. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. धंदा त्या नावात होता. आडनावात फक्त गाव. सिनेगॉगमध्ये बहुतेक वर्षी ‘तरूमा’ नावाच्या पाठाच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, राजांच्या पुस्तकातला जो भाग वाचतात, त्यातच गिब्लीम हा शब्द येतो. अस्सल मराठी ‘कर’ नावाची माणसे तो मूळ हिब्रूत ऐकत आली आहेत.

गिब्लीमच्या गोष्टीवरून आणखी एक समज आठवतो: मराठी बायबल इंग्रजीवरून उतरवलेले असते, असे अनेकांना वाटते. बारामतीच्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावच्या मुक्तिसदनात, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या वारल्या; ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. या कामाची आठवण पुणे जिल्ह्याने अधिक अभिमानाने ठेवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

शेवटचा गैरसमज इंदापूरकरांचा. हे आडनाव ऐकले की आपल्याकडे मालोजीराजांच्या गढीचे इंदापूर डोळ्यांपुढे येते. पण रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावरही एक इंदापूर आहे. गबालचेही तसेच. त्र्याऐंशीव्या स्तोत्रात अदोम आणि मवाब यांच्या बरोबरीने आलेले गबाल हे बहुतेक अभ्यासकांच्या मते मृत समुद्राच्या दक्षिणेकडचे, लेबनॉनमधले नव्हे. म्हणून आडनावावरून मूळ गाव शोधणाऱ्याने नुसता नकाशा उघडून थांबू नये. कुलदैवत कोणते, जुन्या मोडी कागदांत वतन कुठले लिहिले आहे आणि घराण्याचे जुने आडनाव काय होते, हे घरातल्या थोरांना विचारावे, आणि मगच कोणत्या इंदापूरची वाट धरायची ते ठरवावे.