नदीचा बर्फ आणि फ्रीजरचा बर्फ

घरच्या फ्रीजरमध्ये तापमान साधारण उणे १८ अंश सेल्सिअस असतं. ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरात जानेवारीचं सरासरी तापमान जवळपास तेवढंच. सरासरी म्हणजे रात्री पारा त्याच्याही बराच खाली. आम्ही तिथला बर्फमहोत्सव पाहायला गेलो तेव्हा रस्त्यावरचे विक्रेते पुठ्ठ्याच्या खोक्यात आइसकांड्या रचून उघड्यावर विकत होते. आणि लोक त्या खातही होते!

नकाशात हार्बिन शोधा. अक्षांश ४५ उत्तरच्या थोडं पुढे. इटलीतलं मिलान शहर साधारण याच अक्षांशावर आहे, पण तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या वर असतं. हार्बिन उंचावरही नाही, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर. मग एवढी थंडी कशामुळे? हिवाळ्यात सायबेरियाची जमीन अतिशय थंड होते, तिच्यावरची हवा थंड आणि जड होते आणि समुद्राकडे वाहू लागते. हार्बिन या वाऱ्याच्या वाटेवर आहे. समुद्र पाचशेएक किलोमीटरवर आहे, पण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे समुद्राची ऊब शहरापर्यंत पोचतच नाही. आपल्याला या हवेपासून हिमालय वाचवतो.

महोत्सवातले चाळीस मीटरपेक्षा उंच मनोरे ज्या बर्फाचे बनतात, तो सोंगहुआ नदीतून येतो. डिसेंबरात नदी गोठली की कामगार तिच्यावर उभे राहून करवतीने मोठाल्या लाद्या कापतात. बांधकामात सिमेंट नाही. दोन लाद्यांच्या मध्ये पाणी ओतायचं, ते गोठतं आणि सांधा पक्का होतो.

या लाद्या काचेसारख्या पारदर्शक असतात. आपल्या ट्रेमधला बर्फ मात्र मध्यभागी दुधाळ दिसतो. असं का? पाण्याचा स्फटिक बनताना विरघळलेली हवा आणि क्षार त्यात सामावत नाहीत, ते उरलेल्या पाण्यात ढकलले जातात. नदी फक्त वरून, हळूहळू गोठते. बाहेर ढकललेली हवा खालच्या पाण्याबरोबर निघून जाते. ट्रेमधलं पाणी सगळीकडून गोठतं, हवेला वाट उरत नाही आणि मध्ये बारीक बुडबुडे अडकतात. खडीसाखर आरपार दिसते पण कुटली की पांढरी होते, तसंच हे. भुसभुशीत हिम पांढरं दिसतं तेही याच कारणाने : असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश विखुरतो.

इथे पाठ्यपुस्तकातल्या एका चित्राबद्दल बोलायला हवं. वर बर्फ, तळाशी ४ अंशांचं पाणी, त्यात मासे. हे चित्र तळ्याला लागू पडतं. वाहत्या नदीत पाणी घुसळलं जातं आणि वरपासून खालपर्यंत शून्याच्या आसपासच राहतं. तरी मासे जगतात, कारण बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्याने वर तरंगतो आणि थंड हवेपासून पाण्याचं पांघरूण बनतो. आमच्या मते मुलांना आधी हे सांगावं, ४ अंशांची गोष्ट मागाहून.

पण हेच पांघरूण नदीला आणखी गोठू देत नाही. खालच्या पाण्याची उष्णता बर्फातूनच वर जायची, आणि बर्फ जाड होईल तसा तिचा मार्ग लांबत जातो. ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ योसेफ स्टेफान यांनी १८९० च्या सुमारास ध्रुवीय समुद्राच्या नोंदी वापरून याचं गणित मांडलं : जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. हवा उणे १६ ऐवजी उणे ८ अंश असेल, तर तीच जाडी यायला दिवस दुप्पट. वर हिम साचलं तर आणखी जास्त.

लाद्या कापणाऱ्यांसाठी हे गणित पोटापाण्याचं आहे. कामाचे आठवडे मोजकेच, आणि बर्फ पुरेसा जाड झाल्याशिवाय त्यावर माणसं आणि वाहनं नेणं जिवावरचं. हिवाळा लांबला, थोडा सौम्य झाला, तर काम उशिरा सुरू होतं. अलीकडच्या वर्षांत आयोजक आदल्या हिवाळ्यातल्या लाद्या उष्णतारोधक आच्छादनाखाली उन्हाळाभर साठवून ठेवू लागले आहेत, म्हणजे नदी गोठायची वाट न बघता बांधकाम सुरू करता येतं.

मुळात हे सगळं सुरू झालं कंदिलांपासून. बादलीभर पाणी बाहेर ठेवायचं, कडेचं गोठलं की मधलं पाणी ओतून द्यायचं आणि पोकळीत मेणबत्ती लावायची. बाहेर कडाक्याची थंडी असल्याने ज्योतीची उष्णता बर्फातून निघून जाते आणि कंदील टिकतो. १९६३ साली शहरातल्या बागेत अशा कंदिलांचा मेळा भरला आणि १९८५ पासून वार्षिक महोत्सव सुरू झाला.

वर्गासाठी एक प्रयोग. पोळ्या ठेवायच्या कॅसरोलमध्ये पाणी भरा आणि झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. शेजारी स्टीलच्या वाटीत तेच पाणी. कॅसरोलच्या बाजू आणि तळ उष्णता अडवतात, म्हणून पाणी नदीसारखं वरून गोठेल. पूर्ण गोठायच्या आत, दर तीन-चार तासांनी काढून बर्फाची जाडी मोजा आणि वेळेबरोबर आलेख काढा. दोन्ही बर्फांमधून छापील मजकूर वाचता येतो का, तेही मुलांना बघू द्या.