नावेला वार्निश

भंडारा म्हणजे तळ्यांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव, शिवाय वैनगंगा. त्यामुळे शेतकऱ्याच्या दारात जसा बैल, तशी आम्हा ढिवरांच्या दारात नाव. जाळं टाकतात पुरुष, मासोळी घेऊन बाजारात बसतो आम्ही बायका. पण नावेच्या डागडुजीला बाईने हात लावायचा नाही, असं कुठे लिहिलंय?

आमची नाव घरच्याच अंगणात मामंजींनी सागाच्या फळ्या जोडून बनवलेली. यंदा तिच्या कडा काळ्या पडल्या, सांधे उघडले. नवी फायबरची घ्यायची तर बचत गटाकडून कर्ज, आणि मुलीच्या नर्सिंगच्या फीचं पहिलं कर्ज अजून फिटायचंय. ह्यांचा खांदा दुखावलेला. म्हटलं, आपणच करू.

"सूनबाई, हे बायकांचं काम होय का?" मामंजी म्हणाले.

"दारं मीच रंगवली ना? मग नावेनं काय पाप केलं?"

ते हसले आणि खाट टाकून बाजूला बसले, माझ्यावर लक्ष ठेवायला!

मैत्रिणींनो, घरचं दार असो की पाट, पद्धत हीच. आधी लाकूड पूर्ण सुकू द्या. आम्ही नाव विटांवर पालथी घालून पंधरा दिवस सावलीत ठेवली. कडक उन्हात फळ्या तडकतात. ओल्या लाकडावर वार्निश धरत नाही, फुगे येऊन पापुद्रे सुटतात. मग पॉलिश पेपर. त्याचा आकडा जितका लहान तितका कागद खरखरीत. आधी 80, मग 120, शेवटी 220. घासायचं लाकडाच्या रेषेनेच. आडवं घासलं तर ओरखडे वार्निशखाली जास्तच उठून दिसतात. नाकाला मास्क लावा, नुसत्या पदरावर भागत नाही. सागाचा भुसा घशाला फार झोंबतो.

वार्निशचा पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, म्हणजे लाकूड तो पिऊन घेतं. रात्रभर सुकलं की हलकं घासायचं, धूळ पुसायची, मग दुसरा हात. असे चार हात दिले. पाण्यात बुडणाऱ्या तळाला मात्र वार्निश नाही, तिथे डांबरच.

आतल्या बाजूला जवसाचं तेल चोळलं. धानाच्या बांधीत उतेऱ्याला आपण जवस टाकतो ना, तेच. एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवा, नाहीतर अंगणात एकेक पसरून वाळवा.

मृगाच्या आधी नाव पाण्यात उतरली. एका सांध्यातून अजून थेंब झिरपतो, तिथे पुन्हा डांबर भरायचंय. फायबरच्या नावेचं पुढच्या वर्षी बघू. यंदा मुलीची शेवटची फी आहे.