मुळशी खोरे

मुळशी खोरे : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून असलेले मुळा नदीचे उगमाकडील खोरे. पुणे शहराच्या पश्चिमेस सु. ४० किमी. अंतरावर मुळशी धरण असून त्यामागे पसरलेला जलाशय, त्याला वेढणारे डोंगर, उतारांवरील भातखाचरे, माथ्यावरील गवताळ सडे आणि ताम्हिणी घाटातील दाट वने यांमुळे हे खोरे पुणेकरांचे आवडते सहलीचे ठिकाण झाले आहे. येथील विस्तीर्ण पाणी प्रथमदर्शनी निसर्गनिर्मित वाटते. प्रत्यक्षात ते १९२७ मध्ये पूर्ण झालेल्या धरणामुळे साचलेले असून त्याखाली एक नांदते भातखोरे गेले आहे. या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात झालेला मुळशी सत्याग्रह हे जगातील आरंभीच्या संघटित धरणविरोधी आंदोलनांपैकी एक होय.

भूरचना : डोंगर, सरोवर आणि कुरण यांचा मेळ भारतात विशेषेकरून हिमालयात आढळतो. काश्मीरमधील गंगाबल, विशनसर यांसारखी उंचावरील सरोवरे हिमनद्यांनी कोरलेल्या खळग्यांत साचलेली असून त्यांच्या भोवतीची कुरणे बर्फ वितळल्यावर हिरवी होतात. सह्याद्रीत हिमनद्या नव्हत्या. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या या बेसाल्टी प्रदेशात नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. परंतु पाणी अडून राहील असे मोठे नैसर्गिक खळगे येथे जवळजवळ नाहीत. त्यामुळे पुण्याच्या पश्चिमेस दिसणारे मोठे जलाशय—खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी—हे सर्व मानवनिर्मित आहेत. पूर्वेकडे उतरत जाणारी अरुंद खोरी आणि त्यांच्या तोंडाशी जवळ येणारे डोंगर ही रचना धरणांस सोयीची ठरली.

मुळशी धरण मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ बांधलेले असून त्याची उंची सु. ४९ मी. व लांबी सु. दीड किमी. आहे. जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. असते. मूळ खोऱ्यास अनेक उपनद्या व ओढे मिळत असल्याने जलाशयाचा आकार हाताच्या पंजासारखा फाटे फुटलेला दिसतो. त्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर सह्याद्रीचा कडा असून तेथून कोकणची भूमी एकदम खाली उतरते. धरणाखाली मुळा नदी पूर्वेकडे वाहत जाऊन दापोडी येथे पवनेस व पुणे शहरात मुठेस मिळते. पुढे मुळा-मुठेचा संयुक्त प्रवाह भीमेस मिळतो.

हवामान : अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे कड्यावर आदळून वर चढतात, थंड होतात व येथे प्रचंड पर्जन्यवृष्टी करतात. ताम्हिणी परिसरात वार्षिक पर्जन्यमान अनेक वर्षी ६,००० मिमी.पेक्षा अधिक भरते. तेथून पूर्वेस ५०–६० किमी.वरील पुणे शहरात मात्र ते सरासरी सु. ७०० मिमी. असते. एवढ्या अल्प अंतरात पर्जन्यमानात पडणारा हा फरक खोऱ्यातील प्रवासातही जाणवतो. पिरंगुटपर्यंत उघडी दिसणारी टेकाडे पौडच्या पुढे हळूहळू झाडीने झाकली जातात, आणि ताम्हिणीत रस्ता धुके व प्रपात यांच्यामधून जाऊ लागतो.

वनस्पती व प्राणी : कड्यालगतच्या भागात निमसदाहरित वने असून त्यांत अंजनी, जांभूळ, आंबा, हिरडा, ऐन इ. वृक्ष आढळतात. उतारांवर कारवीची दाट वाढ असते व ती सु. सात वर्षांनी एकदा मोठ्या प्रमाणावर फुलते. माथ्यावरील सड्यांवर मातीचा थर अतिशय पातळ असल्यामुळे तेथे वृक्ष वाढत नाहीत. पावसाळ्यात मात्र ते गवताने हिरवे होतात, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तेथे तेरडा, सोनकी, कवला, सीतेची आसवे इ. वनस्पती फुलतात. डिसेंबरपर्यंत गवत पिवळे पडते. हिमालयातील कुरणांस बर्फ वितळण्यावर, तर या सड्यांस केवळ पावसावर अवलंबून राहावे लागते; दोन्ही ठिकाणी फुलण्याचा काळ अल्प असतो व तुडवले गेलेले रोप त्या हंगामात पुन्हा उभे राहात नाही.

शेकरू, भेकर, बिबट्या हे प्राणी आणि मलबारी राखी धनेश, शीळकरी कस्तूर इ. पक्षी येथे आढळतात. ताम्हिणी घाटातील सु. ५० चौ. किमी. क्षेत्र २०१३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. ग्रामदेवतांच्या नावाने राखलेल्या देवराया हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य असून सह्याद्रीतील अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला.

मावळातील शेती : पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी खोऱ्यांस मावळ व तेथील रहिवाशांस मावळे म्हणतात. शिवकालीन इतिहासामुळे हे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. मुळशी खोऱ्याच्या तळातील गाळाची जमीन भातासाठी उत्कृष्ट होती आणि तेथील सुवासिक आंबेमोहोर तांदळास पुण्याच्या बाजारात मान होता. धरणाखालील व भोवतालच्या गावांत हे पीक अद्याप घेतले जाते. मुळशीच्या उत्पादकांच्या प्रयत्नाने आंबेमोहोर तांदळास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. नदीकाठची सर्वांत कसदार जमीन मात्र जलाशयाखाली गेली.

जलविद्युत् प्रकल्प : मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरविण्यासाठी टाटा उद्योगसमूहाने सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचे पाणी अडवून ते कोकणात सोडण्याची योजना आखली. तीनुसार खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही विद्युत्‌केंद्रे उभी राहिली. मुळशीचे पाणी जलाशयाच्या पश्चिमेकडून कड्यापर्यंत नेऊन पोलादी नळांतून सु. ५०० मी. खाली, आताच्या रायगड जिल्ह्यातील भिरा येथे आणले जाते. तेथील मूळ केंद्राची क्षमता १५० मेगॅवॉट असून त्याच्या जोडीला तितक्याच क्षमतेचा उदंचन संच आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा या संचाच्या साहाय्याने खालचे पाणी पुन्हा वर चढविता येते.

या योजनेमुळे निसर्गतः पूर्वेकडे भीमेत व पुढे कृष्णेत जाणारे पाणी पश्चिमेकडे वळले. कुंडलिका नदीत सोडलेल्या या पाण्यावर रोहे परिसरातील शेती व कारखाने अवलंबून आहेत. कोलाड येथील नौकाविहारही केंद्रातून पाणी सुटण्याच्या वेळेवर चालतो. कृष्णा पाणी तंटा लवादाने आपल्या निवाड्यात (१९७६) ही वळवणूक मर्यादा घालून मान्य केली. अलीकडील काळात पुणे महानगराची वाढती लोकसंख्या आणि भीमा खोऱ्यातील अवर्षण यांमुळे हे पाणी पूर्वेकडे मिळावे, अशी मागणी वारंवार पुढे आली आहे. वीजनिर्मितीचे अन्य मार्ग उपलब्ध झाले असताना पाण्याचा अग्रक्रम कोणता, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे; तथापि कोकणातील वस्ती व उद्योगही आता याच पाण्यावर उभे राहिल्याने त्याचे उत्तर सोपे राहिलेले नाही.

मुळशी सत्याग्रह : धरणाच्या प्राथमिक कामास प्रारंभ झाला तेव्हा खोऱ्यातील शेतकऱ्यांस आपली जमीन जाणार याची पुरती कल्पना नव्हती. योजनेमुळे सु. पन्नास गावे व हजारो लोक बाधित होणार होते. ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा देऊन मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट व वि. म. भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख नेते होत. महात्मा गांधींनीही ‘यंग इंडिया’तून सत्याग्रहींची बाजू मांडली. आरंभी कंपनीने काम काही महिने स्थगित केले. तथापि पावसाळ्यानंतर ते पुन्हा सुरू झाले आणि शासनाने १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याचा आधार घेऊन जमिनी ताब्यात घेतल्या.

लढ्याच्या अपयशाची कारणे केवळ शासनाच्या बळात नव्हती. खोऱ्यातील अनेक जमिनी पुण्यातील सावकारांच्या मालकीच्या वा त्यांच्याकडे गहाण होत्या. त्यांच्या दृष्टीने प्रश्न नुकसानभरपाईच्या रकमेचा होता. कसणाऱ्या कुळांच्या दृष्टीने तो उपजीविकेचा व वास्तव्याचा होता. भरपाई वाढविण्याचा मार्ग खुला होताच या दोन गटांची एकजूट सैल पडली. शेकडो सत्याग्रहींनी कारावास भोगला. अहिंसक मार्ग खुंटल्यावर बापटांनी १९२४ मध्ये धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली. त्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली व आंदोलन संपुष्टात आले. या लढ्यातील नेतृत्वामुळे त्यांस ‘सेनापती’ ही उपाधी लाभली. खाजगी कंपनीच्या उद्योगास ‘सार्वजनिक हित’ म्हणावे काय, आणि विस्थापितांस पैशाखेरीज काय देणे लागते, हे मुळशीत उपस्थित झालेले प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळातील धरणांच्या संदर्भातही पुन्हा पुन्हा विचारले गेले. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा ग्रंथरूपाने सविस्तर अभ्यास केला आहे. विस्थापितांपैकी काहींची वस्ती जलाशयाच्या काठच्या उंच उतारांवर राहिली व त्यांच्या वंशजांची गावे आजही तेथे आहेत.

पर्यटन : पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड या मार्गाने मुळशीस जाता येते. पुढे हाच रस्ता जलाशयाच्या काठाने ताम्हिणी घाटात व घाट उतरून विळे, माणगाव व कोलाडकडे जातो. उत्तरेकडून लोणावळा–आंबवणे–भांबर्डे हा दुसरा मार्ग आहे. परिसरात कैलासगड, घनगड व कोरीगड हे किल्ले असून कैलासगडावरून जलाशयाचे विस्तृत दर्शन घडते. पिंपरी गावातून निघून हिरडीमार्गे भिरा येथे उतरणारी अंधारबन ही पायवाट दाट वनातून जाते. जलाशयाजवळून निघून विद्युत्‌केंद्राच्या पायथ्याशी संपणाऱ्या या वाटेवर चालणारास कड्याची सर्व उंची, म्हणजेच ज्या उताराच्या बळावर वीज निर्माण होते तो उतार, पायांनीच मोजता येतो.

जून ते सप्टेंबर हा काळ प्रपात व धुक्याचा असला, तरी या दिवसांत दरडी कोसळणे, ओढ्यांस अचानक पूर येणे व खडक निसरडे होणे हे धोके असतात. त्यामुळे काही ठिकाणी प्रशासन व वनविभाग प्रवेशबंदी लागू करतात. जलाशयाच्या काठी गाळ व एकदम खोल होणारा तळ असल्यामुळे पाण्यात उतरणे धोक्याचे असते. ऑक्टोबर व नोव्हेंबर या महिन्यांत हवा स्वच्छ व जलाशय भरलेला असतो. खोरे पाहण्यास हा काळ सर्वांत अनुकूल होय. उन्हाळ्याअखेर पाणी उतरून काठाचे गाळपट्टे उघडे पडतात, व त्या वेळी जलाशयाचे मानवनिर्मित स्वरूप सर्वांत स्पष्ट दिसते.

गेल्या काही दशकांत रस्ते सुधारल्याने खोऱ्यात विश्रामगृहे व शहरवासीयांची सुटीतील घरे मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. डोंगरउतारांची खोदाई, सुटीच्या दिवशी होणारी वाहनांची गर्दी व प्लॅस्टिकचा कचरा या त्यांतून उद्‌भवलेल्या समस्या आहेत. पर्यटनामुळे स्थानिकांस खाणावळी, घरगुती निवास व वाटाडेपण यांतून रोजगार मिळतो. परंतु जमिनींचे वाढते भाव व त्यांची विक्री यांमुळे शेतकरी जमिनीपासून दुरावण्याची प्रक्रिया शतकापूर्वीच्या संपादनाहून निराळ्या, संमतीच्या मार्गाने पुन्हा सुरू झाली आहे.