चाकांवरचं घर (भाग ६) : जाळावर गार होणारा फ्रीज

पौड सोडून ताम्हिणीकडे जाताना मुळशी धरणाचं पाणी दिसू लागलं, की कॅराव्हॅनवाल्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. काठाकडच्या उतारावर गाडी लागते, खुर्च्या बाहेर येतात, चहा होतो. आणि सकाळी फ्रीज उघडावा, तर दूध नासलेलं.

मुळशीच्या याच पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होते, पण काठावरच्या गाडीला साधा प्लग मिळत नाही. बॅटरीवर हा फ्रीज दहा-बारा अँपिअर सहज ओढतो. इंजिन बंद असताना १०० अँपिअर-अवरची बॅटरी त्याला रात्रभरही पुरत नाही. उरतो गॅस. या ॲब्सॉर्प्शन (शोषणावर चालणाऱ्या) फ्रीजची खरी खुबी तीच, आणि त्याची दुखणीही बहुतेक तिथलीच.

बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये हे यंत्र शोधलं. पुढे इलेक्ट्रोलक्सने ते बाजारात आणलं. त्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. मागच्या सीलबंद नळ्यांत मुख्यतः अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतं. बर्नर खालून बॉयलरमधलं अमोनिया-पाण्याचं मिश्रण तापवतो, अमोनियाची वाफ वर चढते, गार होऊन तिचा द्रव होतो आणि फ्रीजच्या आत त्याची पुन्हा वाफ होताना तो तिथली उष्णता ओढून घेतो. माठाचंच गणित! कोरड्या वाऱ्यात माठ झटकन गार होतो, आषाढातल्या दमट हवेत होत नाही. इथे कोरड्या वाऱ्याचं काम हायड्रोजन करतो. नंतर पाणी अमोनियाला शोषून घेतं आणि दोघं पुन्हा बॉयलरकडे उतरतात. याचे भलेमोठे भाऊबंद पुण्याची थरमॅक्स कंपनी कारखान्यांसाठी बनवते; त्यांत बहुधा अमोनिया आणि पाण्याऐवजी पाणी आणि लिथियम ब्रोमाइड ही जोडी असते.

'उतरतात' हा शब्द महत्त्वाचा. पंप नसल्याने द्रव आपल्याच वजनाने खाली येतो. गाडी कलती उभी राहिली की नळीत मधेच डबकं साचतं, बॉयलर कोरडा पडून भडकतो आणि गंज रोखायला घातलेलं सोडियम क्रोमेट तिथे खडे धरून बसतं. नळी अशी तुंबली की बहुधा अख्खं कूलिंग युनिटच बदलावं लागतं. नव्या फ्रीजना बाजूने तीन आणि पुढे-मागे सहा अंशांपर्यंतचा कल सहसा चालतो, तरी आपल्या मॉडेलचं पुस्तक पाहिलेलं बरं. तीन अंश डोळ्यांना कळत नाहीत; त्यासाठी गवंड्याची पाणसळ फ्रीजच्या तळावर ठेवावी आणि चाकाखाली फळी सारावी. चालत्या गाडीत ही भीती नाही, हेलकाव्यांनी द्रव वाहता राहतो. गोची मुक्कामाची.

गाडी सपाट असूनही गारवा नाही? मग कुठेतरी २३० व्होल्टची जोडणी मिळवून फ्रीज विजेवर लावावा. तिथे गार होत असेल, तर खोट गॅसच्या बाजूला आहे. ज्योत निळी आणि टोकदार हवी. पिवळी असेल तर जेट तुंबलाय किंवा चिमणीत काजळी आहे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बर्नरमध्ये कुंभारीण माशी हमखास मातीचं घर बांधते. गॅस बंद करून जेट काढावा, स्पिरिटमध्ये भिजवावा आणि फुंकून साफ करावा. टाचणी खुपसण्याचा मोह अनेकांना होतो; त्याने छिद्र मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. जोडणीची गळती साबणाच्या पाण्याने पाहावी.

विजेवरही गार होत नसेल आणि मागे पिवळी भुकटी किंवा नाकात झोंबणारा वास असेल, तर युनिट फुटलंय. फ्रीज बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, आग जवळ नेऊ नये. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दहापट असतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे हे काम कदापि देऊ नये. फ्रीज उलटा करून ठेवायची जुनी युक्ती कधीकधी तुंबलेल्याला लागू पडते, गळक्याला नाही.

एप्रिलमध्ये धडधाकट फ्रीजही रडतो. बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश कमी, एवढीच त्याची धाव. फ्रीजमागच्या हवेच्या दोन्ही जाळ्या मोकळ्या हव्यात, गाडी सावलीत हवी आणि निघण्याच्या आदल्या रात्रीच तो चालू करायला हवा. पौडला घेतलेलं कोमट दूध थेट आत ढकललं, तर ताम्हिणी उतरेपर्यंत ते कोमटच राहतं.