लोकहितार्थ रुग्णालयाचा वाढावा जातो कुठे?

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालय म्हटले की ‘दहा टक्के खाटा मोफत, दहा टक्के सवलतीत’ हे सूत्र आठवते. त्याच चष्म्यातून जर्मनीतल्या कार्ल्सरूहेकडे पाहिले की गफलत होते. तिथले श्टेटिशेस क्लिनिकुम ही लोकहितार्थ कंपनी असून तिची मालकी शहराकडे आहे. विडिया रुग्णालये म्हणजे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट परंपरेतल्या दोन जुन्या संस्था 2016 मध्ये एकत्र येऊन झालेली लोकहितार्थ भागभांडवल कंपनी. गरिबांसाठी राखीव खाटा हा तिथला निकषच नव्हे, कारण आरोग्य विमा सक्तीचा आहे. सरकारी विम्यातला प्रौढ रुग्ण दिवसाला 10 युरो भरतो, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवसांचे. ती रक्कमसुद्धा रुग्णालयाची नसते. विमा संस्थेच्या वतीने ते फक्त ती गोळा करते. मग फुकट किती जणांना तपासले, हे विचारून हाती काही लागत नाही.

दुसरा गैरसमज असा की लोकहितार्थ म्हणजे नफा करायचाच नाही. कायदा वाढावा शिल्लक टाकायला मनाई करत नाही; तो मालकांनी वाटून घ्यायला मनाई करतो. करसवलतीसाठी रुग्णालयाला वर्षातल्या निदान 40 टक्के रुग्णदिवसांसाठी ठरलेल्या दरांपेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि रास्त राखीव निधी सोडता पैसा दोनेक वर्षांत संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्चावा लागतो. म्हणजे पैसा बाहेर न्यायची वाट बंद आहे, पण आतल्या आत तो कुठे वळवायचा, नवे शस्त्रक्रियागृह की वस्तीतली मधुमेह तपासणी, याबद्दल कायदा जवळपास गप्प आहे. अमेरिकेत 2010 च्या आरोग्य कायद्याने नफारहित रुग्णालयांना दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्यगरजांची पाहणी करायला लावले. जर्मन करकायद्यात तशी अट नाही.

यावर लगेच आक्षेप येईल: जर्मनीतली कितीतरी रुग्णालये तोट्यात आहेत, ती गुंतवणार काय? आक्षेप खरा आहे. 1972 च्या कायद्याने इमारती-यंत्रांचा खर्च राज्याकडे आणि चालू खर्च विमा संस्थांकडे दिला, पण राज्यांचा हात आखडताच राहिला. तरीही तोट्याचीच एक गोष्ट इथे उपयोगी पडते. काल्फ जिल्ह्याने आपल्या रुग्णालयांचा तोटा भरून काढला म्हणून खासगी रुग्णालयांच्या संघटनेने दावा लावला. तो कार्ल्सरूहेतल्याच सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत, बुंडेसगेरिष्टस्‌होफपर्यंत, गेला. 24 मार्च 2016 च्या निकालाचा गाभा असा की असे साहाय्य चालते, मात्र कोणत्या लोकसेवेसाठी आणि कोणत्या हिशेबाने, हे आधी लेखी ठरलेले हवे. तोटा भरण्यासाठी जो कागद चालतो, त्याच कागदावर परिसराच्या आरोग्याचे कामही नेमून देता येईल, असे मला वाटते.

प्रतिबंध हे रुग्णालयाचे कामच नाही, त्यासाठी विमा संस्था आणि आरोग्य कार्यालय आहेत, असेही म्हणतात. पण न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेली तीच आजी दुसऱ्यांदा आली, हे आधी कळते ते तातडीच्या विभागाला. अडचण वेगळीच आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेला ठरलेला दर मिळतो. घरी परतण्याआधी कुणी जाऊन भिंतीला धरायचा दांडा बसवून घेतला, तर त्या कामाचे बिल लागत नाही आणि पुढची शस्त्रक्रियाही टळते. रुग्णालय दोन्हीकडून तोट्यात. 2025 पासूनच्या सुधारणा कायद्यात नुसते सज्ज राहण्यासाठीही काही पैसे देण्याची तरतूद आहे, पण ती सज्जताही खाटेभोवतीचीच. आपल्याकडचा, एकूण बिलांच्या 2 टक्क्यांतून उभा राहणारा निर्धन रुग्ण निधी तरी कुठे वेगळा आहे? तोही आजी खाटेवर पोहोचल्यावरच उघडतो.