दोरी उतरवायची राहिली

एका वर्षी 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची तलासरीतली मिरवणूक पांगली, तेव्हा एका टेम्पोच्या हौद्यात पाच-सहा तिरकमठे पडले होते. झिलई मारलेले, केशरी नायलॉनच्या दोरीचे, बोथट तीरांचे. दोरी सगळ्यांची चढवलेलीच. ती पुढच्या ऑगस्टपर्यंत तशीच राहणार. कमठा खरोखर वापरणारा माणूस घरी आला की भाकरीला हात लावायच्या आधी दोरी उतरवतो. कायम ताणात राहिलेलं लाकूड वाक धरतं आणि ओढ सोडून देतं. एवढी साधी गोष्ट ठाऊक असणारं त्या टेम्पोत कोणी नव्हतं.

या भागातल्या तिरकमठ्याचा इतिहास सांगायचा तर सगळे 1945 च्या वारली उठावापासून सुरू करतात. झरीची सभा, 10 ऑक्टोबरचा तलवाड्याचा गोळीबार, हुतात्मा जेठ्या गांगड. त्यावर गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहून ठेवलं आहे, इथे भर घालायची गरज नाही. नंतरची वीस-पंचवीस वर्षंही सोडून द्यावीत. कमठा होता, चालत होता, त्याची कोणी दखल घेत नव्हतं. वस्तूच्या दृष्टीने यापेक्षा सुखाचा काळ नसतो.

कोंडी कायद्याने केली, आणि तीही दोन बाजूंनी. 1927 च्या वन कायद्याने बांबूला ‘झाडा’त धरलं, म्हणजे राखीव जंगलातला वेळू तोडणं गुन्हा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि शस्त्रांच्या व्याख्येत बंदूक, सुरुंग, विष यांच्या रांगेत धनुष्यबाणही बसवला. वन्यजीव वाचावेत यात वाद नाही. पण माल आणायला बंदी, वापरायलाही बंदी, मग कारागिराने करायचं काय, हा प्रश्न कुठल्याच फायलीत आला नाही.

खरा घात नव्वदच्या दशकात झाला. प्रस्तुत लेखक तेव्हा एसटीने डहाणू-तलासरी करत असे, त्यामुळे या दशकाबद्दल त्याचा राग जरा वैयक्तिक आहे. 20 जून 1991 ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्याच तालुक्यात खाडीकाठी 500 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्रही उभं राहिलं. नाजूकपणावर परिसंवाद झाले, समित्या झाल्या, वर्तमानपत्रांत लेखमाला आल्या (त्यातली एक याच लेखकाची, आणि तिच्यात कमठ्याचा शब्दही नव्हता).

त्या दिवसांत तलासरीच्या एका पाड्यावर एक आजा कमठे दुरुस्त करी. नवा क्वचितच. बांबू तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, अंधाऱ्या पंधरवड्यात. नाहीतर घुण लागतो, असं तो सांगे. मग काही दिवस ओढ्यात बुडवून ठेवायचा. त्यात शास्त्र आहे: घुणाचं खाणं म्हणजे बांबूतलं पिष्ट, आणि ते पाण्यात बरंचसं निघून जातं. कोयत्याने कमठ्याचे दोन्ही हात सारखे तासले की तो दोरी चढवी, अर्धी ओढी आणि उजेडासमोर धरी. कमठ्याचा एक हात जास्त वाकला, तर दुसरा अजून जाड. मग त्या जाड हातावरून खापरीने दोन-चार वेळा खरवडायचं आणि पुन्हा बघायचं. ही खरवड अर्धा दिवस चाले. पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दबते. पाठ ताणली जाते. पोटाला सुरकुती आली तर सुताने घट्ट आवळून कमठा आणखी एक हंगाम काढी. पाठीची शीर तुटली, तर आजा काही न बोलता तो चुलीकडे सरकवी. दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची, बारीक काढलेली, दोन्ही टोकांना खाचेत बसवलेली.

याच काळात दिल्लीला आदिवासी तिरंदाजीचा शोध लागला होता. उदयपूरकडचा लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर वाढला, 1987 ला सरकारी निवड चाचणीत सापडला, 1992 ला बीजिंगमध्ये त्याने 30 मीटरवर 360 पैकी 358 गुण घेऊन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. कौतुक हवंच. पण योजनेने डोळा आणि हात उचलले, त्याच्या हातातलं धनुष्य तिथेच ठेवलं. स्पर्धेचं धनुष्य फायबरचं, परदेशी. त्यात गैर काही नाही. मात्र कमठा बनवणाऱ्याकडे बघायला एकही निवड समिती फिरकली नाही.

पुढे बांबू सुटला. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानलं, 2017 ला जंगलाबाहेरचा बांबू ‘झाडा’तून वगळला गेला. तोवर खापरी धरणारे हात संपत आले होते. कमठ्याची चिन्हं मात्र जोरात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 ला पद्मश्री मिळाली, वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या चित्रांतला शिकारी मुंबईच्या दिवाणखान्यांत दोरी ओढून उभा आहे. धनुष्यबाण या निवडणूक चिन्हासाठी शिवसेनेचे दोन गट निवडणूक आयोगापर्यंत भांडले. गंमत म्हणजे जिथे कमठा खरा होता, त्या डहाणू मतदारसंघाने 2019 आणि 2024 ला निवडून दिला तो विळा-हातोडा. चिन्ह तुटत नाही, म्हणून त्याला दुरुस्ती करणारा लागत नाही.

आजाच्या ओट्यावरचा शेवटचा प्रसंग बहुधा 1997 चा. त्याच्या स्वतःच्या कमठ्याची दोरी तुटली होती. नातवाने डहाणू बंदरातून मच्छीमारांची नायलॉन दोरी आणली, हिरवी, चकचकीत. आजाने ती चढवली, ओढली, सोडली. नायलॉन ताण खातं. तीराला जायचा जोर दोरीतच मुरतो. त्याने पुन्हा एकदा ओढून कान लावून ऐकलं. मग दोरी सोडवली, तिचे दोन तुकडे केले आणि त्यातल्या एकाने शेळी बांधली.