किलोच्या भावाने मर्सिडीज

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. शहरातल्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर, व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन कंपनीशी भाव ठरवला, स्टेट बँकेने कर्ज दिलं आणि सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराची बातमी देशभर पोचली. मराठवाडा म्हटलं की ज्यांना फक्त दुष्काळ आठवायचा, त्यांच्यासाठी तो धक्का होता. त्या गाड्यांची आरसी ऑक्टोबर २०२५ मध्ये १५ वर्षांची झाली. खासगी गाडीची पहिली नोंदणी तेवढ्याच वर्षांची असते. पुढे चालवायची तर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला ६०० वरून ५,००० रुपये झाली, परदेशातून आणलेल्या गाडीला ४०,०००.

अशी गाडी पहिल्या मालकाकडे शेवटपर्यंत क्वचितच राहते. पाच-सात वर्षांनी ती दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे, आणि बहुतेक वेळा प्रत्येक हस्तांतरात थोड्या लहान गावाकडे सरकते. पन्नास लाखांची गाडी सहा-सात लाखांत मिळते म्हटल्यावर हळदीचा भाव चांगला लागलेल्या वर्षी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या किंवा कळमनुरीच्या एखाद्या घराला मोह झाला, तर त्यात काही वावगं नाही. लग्नाच्या वरातीत, दसऱ्याला, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाताना ती गाडी मिरवते. अडचण सुरू होते ती बंद पडल्यावर.

गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक भाग, इंजिनाचं कंट्रोल युनिट हे सगळं नव्या गाडीच्या हिशेबानेच मिळतं. एक-दोन भागांचं बिल जुन्या गाडीच्या किमतीला भिडतं. हिंगोलीत अशा गाड्यांच्या कंपन्यांचं अधिकृत वर्कशॉप नाही, आणि छत्रपती संभाजीनगर २०० किलोमीटरहून लांब. मग गावातला ओळखीचा मेकॅनिक जीपला दोर बांधतो आणि टोचन लावून गाडी ओढत नेतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवत नेली की आतल्या भागांना तेल पोचत नाही, आणि किरकोळ सेन्सरमुळे थांबलेली गाडी वर्कशॉपच्या दारात गिअरबॉक्स जाळून पोचते. अशा गाडीची चारही चाकं उचलून, सपाट ट्रकवर चढवूनच ती हलवायची असते. हे मालकाला वेळेवर कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गाडी भंगारात जाण्याचं कारण अनेकदा बिघाडापेक्षा ही ओढाताणच असते.

दुसरं कारण पाणी. पुलावरून ओढ्याचं पाणी वाहत असताना गाडी घातली आणि इंजिनाने हवेसोबत पाणी ओढलं, की संपलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत हजारो गाड्या पुराच्या पाण्यानेच गेल्या. विम्याचा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरायची. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. पण पंधरा वर्षांच्या गाडीला बहुतेकांनी फक्त थर्ड पार्टी विमा ठेवलेला असतो, तेव्हा ही वाट त्यांना बंदच.

मग दारात येतो भंगारवाला. त्याच्याकडे मी आदराने पाहतो, कारण कारखान्यात शेकडो हातांनी जोडलेली वस्तू तो दोन-तीन माणसांनिशी उलट्या क्रमाने सोडवतो, तेही नकाशा हाताशी नसताना.

जाणकार भंगारवाला बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाकतो. त्याला पाहायचा असतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा तो डबा ज्यात जाळीदार चिनी मातीच्या विटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. हे धातू असतात काही ग्रॅमच, पण मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव जगाच्या बाजारात औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता. त्याच सुमारास महाराष्ट्र-गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून चोरीला जाऊ लागले, ते याच विटेसाठी. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो डबा लोखंडाच्या भावात जातो. आलिशान गाडी विकणाऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान बहुधा इथेच होतं.

त्यानंतर चुंबक. चिकटला तर पत्रा, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, भंगाराच्या भाषेत जर्मन. साध्या गाडीत जर्मन म्हणजे इंजिनाचं हेड, रेडिएटर आणि अलॉय व्हील. महागड्या गाडीत बॉनेट, दारं, सस्पेन्शनचे हातसुद्धा जर्मनचे निघतात. ऑडी ए-८ आणि जग्वार एक्सजेच्या काही पिढ्यांचा तर सांगाडाच ॲल्युमिनियमचा आहे. भाव लोखंडाच्या कितीतरी पट, पण कापणं अवघड. गॅस कटरने लोखंड कापलं जातं ते लोखंड ऑक्सिजनच्या झोतात जळून वाहून जातं म्हणून. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्या पुढेही टिकून राहतो. कटर लावला तर धातू ओघळून नासतो, रेघ पडत नाही. म्हणून पाना घेऊन बोल्ट खोलत बसावं लागतं, नाहीतर ग्राइंडर. ज्याच्याकडे एवढा वेळ नाही तो सगळं एकत्र कापतो, एकत्र तोलतो आणि स्वतःचेच पैसे घालवतो.

उरलेल्या मालाची वर्गवारी ठरलेली: डिस्क आणि ब्लॉकचं बीड वेगळं, पत्रा वेगळा, बॅटरीचं शिसं वेगळं, वायरिंगचं तांबं वेगळं. मोठ्या आलिशान गाडीत काही किलोमीटर लांबीची वायर असते. सीटची प्रत्येक मोटर, प्रत्येक सेन्सर, प्रत्येक दिवा त्या जाळ्यात बांधलेला. तांब्यासाठी वायर जाळण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. प्लॅस्टिकचा तो काळा धूर ज्या पोरांच्या छातीत जातो, ती बहुधा अठरा-वीस वर्षांची असतात.

त्याहून मोठा धोका आहे न फुटलेल्या एअरबॅगचा. अशा गाडीत सहा-सात, कधी नऊ एअरबॅग असतात आणि सीटबेल्टच्या बकलाशीही छोटी स्फोटक नळी असते. ती सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात उडण्यासाठीच बनवलेली आहे. बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं, मगच डॅशबोर्डला हात लावायचा, आणि तिथे गॅसची ज्योत कधीच न्यायची नाही, एवढा नियम पाळला तरी बोटं आणि डोळे वाचतात. एसीचा वायूही हवेत सोडायचा नसतो. आर-१३४ए हा वायू तापमानवाढीच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जड पडतो. ही सगळी माहिती भंगारवाल्यापर्यंत मराठीत, चित्रांसह पोचवायला फार पैसे लागणार नाहीत.

आता भावाचं. समजा गाडी १,७०० किलोची आहे. काच, रबर, फोम, प्लॅस्टिक वजा केलं तर सव्वा टनाच्या आसपास धातू उरतो. लोखंडाला किलोमागे तीस रुपये धरले तर चाळीस हजारांच्या आत-बाहेर. जर्मन, तांबं, बॅटरी, कन्व्हर्टर वेगळे मोजले तर आकडा बराच वर जातो, आणि तो किती वर जातो हे विकणाऱ्याच्या माहितीवर अवलंबून असतं. १८ मार्च २०२१ रोजी नितीन गडकरींनी लोकसभेत स्क्रॅप धोरण मांडलं, तेव्हा भंगाराची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरली होती. छोट्या गाडीला हे गणित जवळपास जुळतं. पन्नास लाखांच्या गाडीला त्याच हिशेबाने दोन-तीन लाख मिळायला हवेत. काट्यावर ते मिळत नाहीत, कारण काट्याला बॉनेटवरचा तारा दिसत नाही.

ते पैसे मिळतात ते सुट्या भागांत, आणि सुटा भाग विकला जातो तिथेच जिथे तशाच दुसऱ्या गाड्या चालू असतात. बोलेरोचा गिअरबॉक्स हिंगोलीत आठवड्यात गिऱ्हाईक शोधतो. मर्सिडीजचा तोच भाग वर्षभर ताडपत्रीखाली पडून राहील. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मात्र त्याची चौकशी करणारा रोज कुणीतरी येतो; जुने हेडलाइट, दारं, गिअरबॉक्स यांवर तिथे गल्ल्याच्या गल्ल्या चालतात. म्हणून हिंगोलीतल्या मालकाने गावच्या काट्यावर जाण्याआधी मुंबई-पुण्याच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांना चांगल्या स्थितीतल्या भागांचे फोटो पाठवावेत, असं मी आवर्जून सांगेन. हेडलाइटची जोडी, स्क्रीन, अलॉय यांतूनच अख्ख्या सांगाड्याएवढे पैसे निघू शकतात.

सांगाडा शेवटी पोचतो तो बहुधा जालन्याला. तिथल्या एमआयडीसीत इंडक्शन भट्ट्यांची रांग आहे. भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट आणि बिलेटातून बांधकामाची सळई, हा जालन्याचा मोठा धंदा. मराठवाड्यात घर बांधणाऱ्याने कधी ना कधी जालन्याची सळई वापरलेली असतेच. या भट्टीपुढे तांब्याचा प्रश्न पुन्हा येतो. लोखंडासोबत तांबं वितळलं तर ते वेगळं काढता येत नाही, आणि प्रमाण वाढलं की लाल तापलेलं पोलाद रोलखाली तडकतं. म्हणजे हिंगोलीच्या एखाद्या शेडमध्ये वायरिंग नीट काढलं की नाही, याचा संबंध कुणाच्या तरी स्लॅबमधल्या सळईशी असतो. भंगारवाल्याच्या कामाला कारागिरी म्हणायचं ते यासाठी.

गाडीसोबत तिचा कागदही विकला जातो, हे विकणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. रोख पैसे हातात पडले, गाडी ट्रकवर चढली, आरसी बुकसुद्धा देऊन टाकलं, असं सर्रास होतं. हा व्यवहार धोक्याचा आहे. भंगारात गेलेल्या गाडीचा चेसिस नंबर आणि आरसी मिळाली, की त्याच मॉडेलची चोरलेली गाडी त्या नंबरावर चालवता येते. मेरठच्या सोतीगंज बाजारावर चोरीच्या गाड्या फोडल्याचे आरोप वर्षानुवर्षं होत राहिले आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. उद्या तुमच्या जुन्या नंबरावर कुठे अपघात झाला, तर पोलीस आरसीवरच्या पत्त्यावर येतील, आणि तो पत्ता तुमचाच असेल. मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करावी. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा लागतो, आणि लहान गावात तिसऱ्या हातात आलेल्या गाडीचा बोजा कित्येकदा पहिल्या मालकाच्या काळापासून तसाच राहिलेला निघतो. गाडी भंगारवाल्यापुढे उभी करण्याआधी हे तपासावं.

अधिकृत वाट २०२१ च्या नियमांनी आखली आहे. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्र गाडी चोरीची नाही हे पडताळतं, ती घेतल्यावर ठेव प्रमाणपत्र देतं, चेसिसचा नंबर असलेला तुकडा कापून जपून ठेवतं आणि शेवटी स्क्रॅप झाल्याचं प्रमाणपत्र देतं. ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या वाहनकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिली आहे. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं. म्हणजे कागदालाही भाव आहे, आणि भंगारवाल्याशी बोलताना तो भाव धरूनच बोलावं. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द झाली. तहसील आणि पंचायत समितीच्या आवारात सडणाऱ्या जीपांनाही हीच वाट आहे.

पण महिंद्राचं किंवा टाटांचं केंद्र पुण्याकडे, आणि बंद गाडी हिंगोलीहून तिथवर न्यायचा ट्रक भंगाराच्या पैशातला मोठा वाटा खातो. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नव्या पर्यावरण नियमांनी आयुष्य संपलेली गाडी १८० दिवसांत जमा करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि गाडी बनवणाऱ्या कंपन्यांवर तिच्या पोलादाच्या पुनर्वापराची. त्याच नियमांत संकलन केंद्रांची सोय आहे. माझं म्हणणं एवढंच, की हिंगोली, वसमत, सेनगाव, कळमनुरी, औंढा इथल्या जुन्या भंगारवाल्यांपैकी जे तयार असतील त्यांना ही संकलन केंद्रं चालवायला द्यावीत. त्यांच्याकडे जागा आहे, काटा आहे, गावोगावची ओळख आहे. तेल गोळा करायला टाकी, खाली सिमेंटची जमीन, एसीचा वायू ओढून घेणारं यंत्र, एअरबॅग हाताळण्याचं चार दिवसांचं प्रशिक्षण आणि आरटीओच्या संगणकाशी जोडलेली एक नोंद, इतकं त्यांना मिळालं तर मालकाला प्रमाणपत्रासाठी पुणं गाठावं लागणार नाही, आणि वायर जाळणारं पोरही त्या शेडमध्ये हातमोजे घालून कामाला लागेल.